पेरणीला तारीख असते, हप्त्याला का नाही?

३१ मे २०२२. २७ जुलै २०२३. १८ जून २०२४. २ ऑगस्ट २०२५.

पीएम-किसान सन्मान निधीचा एप्रिल ते जुलै या काळातला दोन हजारांचा हप्ता सलग चार वर्षे या चार दिवशी सुटला. एका वर्षी पेरणीच्या आधी, एका वर्षी पेरणीच्या ऐन घाईत आणि दोन वर्षे पेरणी उरकल्यावर. २०२५ मध्ये तर मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. हप्ता आला तेव्हा आश्लेषा नक्षत्र तोंडावर होते आणि वेळेवर पेरलेल्या कपाशीला पाते लागले होते.

योजना तीच, रक्कम तीच, खातेही तेच. पण मेअखेरच्या दोन हजारांचे बियाणे येते आणि ऑगस्टातले दोन हजार दुकानदाराच्या वहीत जातात, तेही सगळी उधारी न फेडता. कोरडवाहू घरात या दोन रकमा सारख्या नसतात.

थेट रोख मदतीने शेतकरी कुटुंबाचे आयुष्य बदलते, असे मी मानतो. त्याचे पुरावे आहेत, ते पुढे देतो. पण हा बदल जितका रकमेमुळे होतो, तितकाच खात्रीमुळे होतो. पैसे कधी येणार हे माहीत असलेला माणूस बेत आखतो. माहीत नसलेला माणूस वाट पाहत बसतो आणि तोवर उधारी करतो. सात वर्षांत आपण शेतकऱ्याच्या खात्यात पैसे टाकायला शिकलो, खात्री द्यायला शिकलो नाही.

आधी हिशेब मांडू. पीएम-किसान २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूरहून सुरू झाली. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यात आपल्या सहा हजारांची भर घातली आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीतून नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता सुटला. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना लागू झाली, महिलेला महिन्याला दीड हजार. सातबारा नवऱ्याच्या नावावर आहे अशा गरीब शेतकरी घरात आज त्याचे बारा हजार आणि तिचे अठरा हजार, असे वर्षाला तीस हजार रुपये येऊ शकतात. महिन्याला अडीच हजार.

या अडीच हजारांना शहरात कुणी चिल्लर म्हणतो. त्याने राष्ट्रीय नमुना पाहणीचा आकडा बघावा. २०१८-१९ मध्ये महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न ११,४९२ रुपये होते. यात शेती, मजुरी, दूधदुभते सगळे आले. त्यानंतर आकडे वाढले असतील, महागाईही वाढली. तरी ज्या घरात महिन्याला दहा-बारा हजारांवर पाच माणसे जगतात, तिथे अडीच हजार म्हणजे किराणा, औषध आणि शाळेची वही असते.

आता हा पैसा नेमके काय बदलतो, ते जवळून पाहू.

यवतमाळकडच्या एखाद्या बाजारगावातले कृषी सेवा केंद्र. जूनचा पहिला आठवडा. काउंटरसमोर गर्दी. खिशात नोटा असलेला शेतकरी भाव विचारतो, पक्के बिल मागतो, पाकिटावरचा लॉट नंबर वाचतो, पटले नाही तर समोरच्या दुकानात जातो. उधारीवाला भाव विचारत नाही. दुकानदार काढून देईल ते वाण तो पिशवीत टाकतो. डीएपीच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारली, तर तीही घेतो. या प्रकाराला लिंकिंग म्हणतात आणि दर हंगामात त्याच्या तक्रारी होतात. वहीत आकडा पडतो, त्यात उधारीचा चढा भाव आधीच धरलेला असतो. दिवाळीला बोंडे फुटली की खेडा खरेदीची गाडी त्याच दुकानदाराच्या ओळखीने दारात येते. काटा त्यांचा, भाव त्यांचा, आणि पैशांतून वहीतला आकडा आधी वजा.

२०२५ च्या खरिपात बीटी कपाशीचे पाकीट ९०१ रुपयांना होते, डीएपीचे पोते १,३५० रुपयांना, युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे दोन हजारांत एक डीएपी, एक युरिया आणि हातात ३८३ रुपये ५० पैसे. यात सगळ्या शेताचे काही भागत नाही. पण एका एकराचे खत जो रोखीने उचलतो, त्याची उरलेल्या एकरांची उधारी कमी होते आणि त्या उधारीबद्दल बोलताना त्याची मान खाली नसते. रोख मदतीचा पहिला परिणाम हा आहे: सौदा करण्याची ताकद. ती जूनमध्ये लागते, ऑगस्टमध्ये तिचा उपयोग संपलेला असतो.

आणि ही ताकद दरवर्षी झिजते आहे. २०१९ मध्ये बीटीचे पाकीट ७३० रुपयांना होते. दोन हजारांतून दोन पाकिटे घेतली की ५४० रुपये उरायचे. २०२५ मध्ये तीच दोन पाकिटे घेऊन १९८ रुपये उरले. बियाण्याची कमाल किंमत सरकारच जाहीर करते, म्हणजे ती वाढल्याचे सरकारला माहीत आहे. हप्ता मात्र २०१९ मध्ये दोन हजार होता आणि २०२५ मध्येही दोन हजारच.

दुसरा परिणाम शेतकरी घरातल्या बाईच्या खात्यात दिसतो. शेतात निंदण ती करते, कापूस ती वेचते, पण माल विकून आलेला पैसा बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हातात जातो. लाडकी बहीणचा पैसा तिच्या नावाच्या खात्यात येतो. म्हणून दम लागतो असे तीन वर्षे सांगणारी सासू तालुक्याच्या डॉक्टरकडे जाते, मुलीचे दहावीचे क्लासचे पैसे भरले जातात, बचत गटाचा हप्ता चुकत नाही, शेजारणीकडे शंभर रुपये मागायला जावे लागत नाही. हे कुठल्या अहवालात ठळक अक्षरांत येत नाही. पण घरात कोणाचे ऐकले जाते, हे अशा गोष्टींनी ठरते.

यावर गावात पहिला आक्षेप येतो तो मोठ्या शेतकऱ्याकडून: बायकांना फुकटचे पैसे मिळाले, आता निंदायला बाई मिळत नाही. हा आक्षेप नीट तपासू. दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांसाठी कुणी दिवसाची मजुरी सोडत नाही. त्या पन्नास रुपयांनी एवढेच होते की, ज्याने मागच्या हंगामाची मजुरी बुडवली त्याच्याकडे ती जात नाही आणि अंगात ताप असताना घरी राहते. मालक म्हणेल तोच मजुरीचा दर, हे दिवस संपत असतील, तर त्यात वाईट काय झाले? शेती परवडत नाही ही त्या शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. पण तो राग त्याने मजूर बाईवर काढू नये. त्याच्या मालाचा भाव तिने पाडलेला नाही.

दुसरा आक्षेप दारूचा. पुरुषांच्या हातात रोकड दिली की गुत्त्यावर जाते, असे छातीठोक सांगितले जाते. याची तपासणी आपल्या शेजारीच झाली आहे. मध्य प्रदेशात, इंदूरच्या परिसरात, २०११ पासून ‘सेवा’ या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम दिली. सुरुवातीला प्रौढाला दोनशे आणि मुलाला शंभर रुपये, नंतर तीनशे आणि दीडशे. कुठलीही अट नाही. तुलनेसाठी पैसे न दिलेली बारा गावे घेतली. दारूवरचा खर्च वाढला नाही. वाढल्या त्या शेळ्या आणि कोंबड्या. लहान मुलांची वजने सुधारली. आणि शेतकऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की, लोक दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे त्यातही आढळले नाही. ज्यांना हा आक्षेप अजून घ्यायचा आहे, त्यांनी पुरावा आणावा.

खात्रीचा सगळ्यात पक्का पुरावा केनियातून आला आहे. तिथल्या खेड्यांमध्ये ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने लोकांच्या मोबाइलवर थेट पैसे पाठवले आणि अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. काही गावांना सांगितले, बारा वर्षे दरमहा पैसे येतील. काही गावांना सांगितले, दोन वर्षे येतील. काही गावांना दोन वर्षांच्या पैशांएवढी रक्कम एकदम दिली. दोन वर्षांनंतर पाहिले तर पहिल्या दोन प्रकारच्या गावांना तोवर मिळालेले पैसे सारखेच होते. पण ज्यांना बारा वर्षांची खात्री होती, त्यांनी जास्त धंदे उभे केले. कसे? त्यांनी भिशी लावली. दरमहा येणारी छोटी रक्कम भिशीत टाकून आळीपाळीने मोठी रक्कम उचलली आणि दुकान, माल, जनावर घेतले. दोन वर्षांवाल्यांना तेवढे जमले नाही. आणि कुठल्याच गावात लोक आळशी झाले नाहीत.

भिशी म्हणजे काय, हे मराठी बाईला समजावून सांगावे लागत नाही. भिशी कोण लावू शकते, हेही तिला माहीत आहे. ज्या बाईचा पैसा दर महिन्याला ठरल्या दिवशी येतो, तीच. लाडकी बहीणचा हप्ता कधी महिन्याचा महिन्याला येतो, कधी दोन महिन्यांचा एकदम येतो, कधी सणावर येतो. अशा पैशावर भिशी चालत नाही. मग तो आला तसा खर्च होतो आणि आपणच म्हणतो, बघा, पैसे नुसते उडाले.

इथे मला थेट बोलायचे आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन महिन्यांचे लाडकी बहीणचे पैसे आचारसंहितेपूर्वीच, एकत्र आणि आगाऊ खात्यात पडले. म्हणजे वेळेआधी पैसे पाठवणे सरकारला जमते. यंत्रणा आहे, तिजोरीत तरतूद आहे, बटणही आहे. निवडणूक आली की हप्ता आगाऊ येतो आणि पेरणी आली की मागे पडतो. राज्याची योजना असो वा केंद्राची, तारीख शेतीच्या वेळापत्रकाला बांधलेली नाही. ती कार्यक्रमाला बांधलेली आहे. पीएम-किसानचा सोळावा हप्ता यवतमाळच्या व्यासपीठावरून सुटला, अठरावा वाशीमच्या, एकोणिसावा भागलपूरच्या, विसावा वाराणसीच्या. मंत्रालयातल्या कारकुनाचा पगार सभेतून सुटत नाही. निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनसाठी मंडप घालावा लागत नाही. शेतकऱ्याच्या पैशासाठीच का?

कारण तो पैसा अजून मेहेरबानी समजला जातो. शेतकरी संघटनेने चाळीस वर्षांपूर्वीच ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ असे बजावले होते. तो हिशेब आजही करून पाहा. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात अनेक बाजार समित्यांत सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकले गेले. फरक आठशे रुपयांचा धरू. तीन एकरांत पंधरा क्विंटल पिकवणाऱ्याचे एका हंगामात बारा हजार गेले. पीएम-किसान आणि नमो मिळून वर्षाला येतात तेही बारा हजारच. सरकारने जाहीर केलेला भाव सरकारला देता आला नाही, आणि जेवढे बुडाले तेवढे तीन वेळा कार्यक्रम करून परत केले. यात उपकार कुठे आहेत? हे देणे आहे. आणि देण्याला मुदत असते.

याचा अर्थ भाव द्या आणि हप्ता बंद करा, असा मी काढत नाही. भाव मिळाला तरी तो विकायला माल असलेल्याला मिळतो. ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि झाडाला शेंग धरत नाही, त्या वर्षी हमीभाव कोरडा असतो. रोख मदत अशाच वर्षी घर तारते. दोन्ही हवेत.

पण कुणाला? हा प्रश्न टाळून या योजनांचे कौतुक करता येणार नाही.

पीएम-किसान जमिनीच्या नोंदीवर चालते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याच्या नावावर शेती होती, तो पात्र. मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याची पाच एकर कसणारा अपात्र. बियाणे तो आणतो, खत तो टाकतो, रात्री रानडुकरांमागे तो धावतो, नापिकीही तोच सोसतो. हप्ता पुण्यात राहणाऱ्या जमीनमालकाच्या खात्यात जातो. शेतमजूर तर या हिशेबात कुठेच नाही. हे अटळ नव्हते. ओडिशाने २०१८ च्या डिसेंबरात ‘कालिया’ योजना आखली, तेव्हा वाटेकरी आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना तिच्यात घेतले. तेलंगणाने १० मे २०१८ पासून ‘रयतु बंधू’चे एकरी चार हजारांचे धनादेश खरिपाच्या पेरणीआधी वाटले. तारीख त्यांनी बरोबर साधली, पण कुळे त्यांनीही वगळली आणि ज्याची जमीन जास्त त्याला पैसे जास्त दिले. एका राज्याने माणूस बरोबर निवडला, दुसऱ्याने वेळ. महाराष्ट्राला दोन्ही एकत्र करण्यापासून कुणी अडवलेले नाही.

आता बाईच्या नावावरच्या जमिनीचे बघू. इथे नियमांनीच उलटा डाव टाकला आहे. लाडकी बहीणच्या नियमाप्रमाणे महिलेला इतर सरकारी योजनेतून दीड हजारांपेक्षा कमी मदत मिळत असेल, तर वरचा फरकच दिला जातो. पीएम-किसान आणि नमो मिळून महिन्याला हजार होतात. म्हणून जिच्या नावावर सातबारा आहे, तिला लाडकी बहीणचे पाचशेच मिळतात. अशा पावणेआठ लाखांच्या आसपास महिला असल्याचे सरकारनेच सांगितले आहे.

आता दोन घरे शेजारी ठेवा. दोन्ही घरांत तीन एकर, दोन्ही घरांत नवरा-बायको राबतात. पहिल्या घरात जमीन नवऱ्याच्या नावावर: त्याचे बारा हजार, तिचे अठरा हजार, एकूण तीस. दुसऱ्या घरात जमीन बायकोच्या नावावर: तिचे शेतीचे बारा हजार, लाडकी बहीणचे सहा हजार, एकूण अठरा. सातबारावर बाईचे नाव असल्याबद्दल घराला वर्षाला बारा हजारांचा दंड. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावोगावच्या पुरुषांनी आपली जमीन बायकोच्या नावावर केली होती. देशात शेतीचे खातेदार म्हणून जेमतेम चौदा टक्के महिलांची नोंद आहे. ज्या थोड्या घरांनी ती पायरी चढली, त्यांचेच पैसे आपण कापतो आहोत. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्या मनात हे नसेल, पण घराघरांत हिशेब असाच होतो. आणि उद्या एखादा सासरा हाच हिशेब मांडून म्हणेल, नाव कशाला लावायचे तिचे.

मग कागदांची साडेसाती. आधार सीडिंग, लँड सीडिंग, ई-केवायसी, फार्मर आयडी. यादी साफ असली पाहिजे, हे मान्य. आयकर भरणाऱ्यांनी आणि सरकारी नोकरदारांनी पैसे उचलले असतील, तर ते परत घेतलेच पाहिजेत. पण प्रत्येक चाळणीत नेमकी गरजू बाई खाली पडते. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. ज्या बाईचा नवरा आणि वडील दोघेही वारले आहेत तिने काय करायचे, याचा विचार ओरड झाल्यावर झाला. विधवांना डोळ्यांसमोर ठेवून योजना आखली असती, तर हा प्रश्न पहिल्या दिवशी पडला असता.

ग्राहक सेवा केंद्रावर एकदा उभे राहा, म्हणजे कळेल. एक टेबल, एक लॅपटॉप, अंगठ्याचे लाल दिव्याचे यंत्र आणि दारापर्यंत बायकांची रांग. वेचणीचे दिवस असतील तर बोंडांच्या टोकांनी बोटे ओरखडलेली, ठसे पुसट झालेले. “मावशी, बोट पुसा. हं, जरा दाबून.” यंत्र नाही म्हणते. “दुसरं बोट लावा.” ती पदराला बोट पुसते, पुन्हा लावते. यंत्र पुन्हा नाही म्हणते. “सर्व्हर डाउन दिसतोय, उद्या या.” उद्या येणे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे. दीड हजार काढायला दोन दिवस मोडले, तर त्यातले किती तिच्या हातात आले? ज्या हाताच्या कष्टाने ठसा झिजला, त्याच हाताला तू तूच आहेस हे सिद्ध कर म्हणून परत पाठवणे हा तांत्रिक अडचणीचा विषय राहत नाही. तो अपमान आहे आणि तो थांबवता येतो. ठसा जुळला नाही तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर ओळखपत्र आणि ओटीपी घेऊन पैसे देण्याची सक्ती केंद्रांवर करा.

आणखी एक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पहिले पैसे आले, तेव्हा किमान शिल्लक नाही म्हणून किंवा जुने कर्ज आहे म्हणून बँकांनी त्यातून कपात केल्याच्या तक्रारी आल्या. सरकारने बँकांना तसे करू नका असे सांगितले, हे चांगले झाले. पण हे दरवेळी तक्रार झाल्यावर सांगायचे नसते. मदतीच्या रकमेला हात लावता येणार नाही, हे खात्याच्या नियमातच हवे.

पैसा कुठून आणायचा, असा रास्त प्रश्न अर्थखात्यातून येईल. लाडकी बहीणसाठी राज्याने २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची तरतूद केली. ही रक्कम लहान नाही. तिजोरीवर ताण आहे हे मलाही मान्य आहे. म्हणूनच म्हणतो, न पेलणारी आश्वासने देऊ नका. निवडणुकीत दीड हजारांचे एकवीसशे करू असे सांगायचे आणि पुढच्या अर्थसंकल्पात ते करायचे नाही, याने त्या बाईचा सरकारवरचा भरवसा उडतो. दीड हजारच द्या, पण ठरल्या दिवशी द्या. केनियातल्या गावांनी दाखवून दिले आहे की, पुढेही येत राहणार अशी खात्री असलेली छोटी रक्कम थोड्याच काळापुरत्या तेवढ्याच रकमेपेक्षा जास्त काम करते.

म्हणून चार मागण्या, सरळ भाषेत.

एक: पीएम-किसान आणि नमोचे हप्ते १५ मे, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी या तारखांना, कायद्याने. उशीर झाला तर त्यावर व्याज. व्यासपीठ असो वा नसो. लाडकी बहीणचा पैसा दर महिन्याच्या पाच तारखेला.

दोन: हप्त्याची रक्कम बियाणे-खतांच्या दराशी जोडा आणि दर दोन वर्षांनी ती आपोआप वाढू द्या.

तीन: ज्या महिलेच्या नावावर शेती आहे, तिचे लाडकी बहीणचे पैसे कापू नका. शेतकरी म्हणून तिचे देणे वेगळे आणि बाई म्हणून वेगळे.

चार: शेत जो कसतो त्याची नोंद करा. पिकपाहणीत कसणाऱ्याचे नाव घ्या, त्याने मालकाची मालकी जात नाही असे कायद्यात लिहा आणि मक्तेदाराला, बटईदाराला, शेतमजुराला मदतीच्या यादीत आणा.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला पैसे लागतील, त्यावर विधिमंडळात वाद होऊ द्या. पहिल्या मागणीला मात्र एक रुपयाही जादा लागत नाही. तेच पैसे, तेच खाते, तीच यंत्रणा. लागते ती फक्त श्रेय घेण्याची संधी सोडायची तयारी. येत्या ग्रामसभेत हा एक ठराव मांडा, तालुक्याला पाठवा आणि तुमच्या आमदाराला भेटाल तेव्हा हप्ता किती हे विचारू नका. हप्त्याची तारीख विचारा आणि ती त्याच्याकडून लेखी घ्या.